चराच्या अलीकडे थांबलेला बंब

मित्रांनो, मी एक जुना आगीचा बंब आहे. जो तुमच्या रस्त्यावरून घंटा घणघणत जातो आणि ज्याच्यामागे तुम्ही धावत सुटता, तो मी नव्हे. मी विमानतळाचा बंब. माझे सगळे आयुष्य एका कुंपणाच्या आत गेले. आज मी गोदामाच्या मागे मोडक्या शिड्या आणि फाटक्या टायरांच्या संगतीत उभा आहे. टाकीत पाणी नाही, चाकांत हवा नाही. तरी मला बोलायचे आहे, कारण मी जे पाहिले ते पाहणारे फार थोडे होते, आणि त्यांतले काही आता त्याविषयी बोलत नाहीत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड पत्रे वाकवून माझी टाकी केली, धुक्यातही दिसावा असा पिवळाधमक रंग दिला आणि माझ्या टपावर एक तोफ बसवली. घाबरू नका, ती फेसाची तोफ होती. विमानातले तेल पेटले की त्यावर नुसते पाणी मारून भागत नाही, आग उलट पसरते. तिच्यावर फेसाचे जाड पांघरूण घालावे लागते, मग ती गुदमरून विझते. एवढे एकच काम मला शिकवले होते, आणि ते मी मनापासून शिकलो होतो.

विमानतळावर आलो त्या दिवशी माझ्या दाराला पहिला हात लागला तो मामाचा. मामा म्हणजे माझा ड्रायव्हर. तो नेमका कुणाचा मामा होता हे कुणालाच ठाऊक नव्हते, पण साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत. रोज सकाळी तो माझ्या बॉनेटवर थाप मारून विचारायचा, "काय पैलवान, झोप झाली का?" आणि मी घरघर करून उठलो की खूश होऊन म्हणायचा, "झाली म्हणायची!"

पुढे आमच्या पथकाची प्रमुख म्हणून ताई आली. उंच, सडसडीत, कमी बोलणारी. पहिल्याच दिवशी एक जवान दुसऱ्याच्या कानाशी लागला, "आता बंबाला पडदे लावा." ताईला ते ऐकू गेले. ती म्हणाली, "लावू की. आधी ती नळी गुंडाळून दाखवा." त्याला ती धड गुंडाळता आली नाही. सगळे हसले, तोही हसला, आणि त्या दिवसापासून पथक तिचे झाले.

मित्रांनो, बंबाचे आयुष्य म्हणजे बहुतेक वाट पाहणे. जी गोष्ट कधी घडू नये अशी सगळ्यांची इच्छा असते, तिच्यासाठी रोज तयार राहायचे. एकदा एका मोठ्या विमानाच्या चाकांनी उतरताना पेट घेतला. आम्ही धावलो, फेस मारला आणि प्रवासी खाली उतरेपर्यंत आग विझलीसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. मामाने त्या संध्याकाळी मला धुऊनपुसून लख्ख केले. आयुष्यात एवढे कौतुक मला पुरले असते.

आमच्याकडे एक पायलटबाई होती. तिचे विमान लहानसे. दूरदूरच्या दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या आणि औषधे पोचवायची, हे तिचे काम. तिच्या नवऱ्याची बेकरी होती. सकाळी तो तिला फाटकाशी सोडायला यायचा तेव्हा ताज्या पावाची एक पिशवी पथकासाठीही आणायचा. सोबत त्यांची लहान मुलगी असायची, अर्धवट झोपेत, बापाच्या खांद्यावर मान टाकलेली. पायलटबाई मामाला चिडवायची, "मामा, तुमचा हा पैलवान नुसता बसून खातो." मामा म्हणायचा, "बाई, तो बसून खातोय तेच बरंय. तुमच्यासाठी त्याला कधी उठावं लागू नये."

मग विमानतळ चालवण्याचे काम एका कंपनीकडे गेले. काचेची नवी इमारत उभी राहिली. गुळगुळीत फरशी आली, मऊ खुर्च्या आल्या. प्रवाशांची नजर जाते तिथे सारे चकचकीत झाले. जिथे नजर जात नाही, तिथे मात्र हात आखडला. आमच्या पथकातली माणसे कमी केली. माझे सुटे भाग मागितले की "बघू" असे उत्तर येई. तरी मामा मला ओढूनताणून ठणठणीत ठेवत असे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. धावपट्टी संपली की तिच्यापुढे बरीचशी मोकळी, सपाट जमीन राखून ठेवतात. तिथे झाड नको, भिंत नको, खड्डा नको. एखादे विमान वेळेवर थांबू शकले नाही, तर ते त्या गवतावर धडपडत का होईना पण थांबावे आणि आतली माणसे चालत बाहेर यावीत, एवढ्यासाठी ती जमीन. ती रिकामी दिसते, पण तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

त्याच जमिनीत कंपनीने पाण्याचे पाइप टाकायला चर खणला. एका बाजूच्या कुंपणापासून दुसऱ्या बाजूच्या कुंपणापर्यंत, आडवा, माणूस कमरेपर्यंत बुडेल एवढा खोल. काम एका ठेकेदाराला दिले होते. अर्ध्यातच कंपनीचे आणि त्याचे बिनसले. तो आपली माणसे घेऊन निघून गेला, आणि चर तसाच आ वासून पडून राहिला. विमाने मात्र येत होती, जात होती.

ताईने मैदानाच्या साहेबांना गाठले. धावपट्टी आणि आसपासची सगळी जमीन सांभाळायची जबाबदारी या साहेबांची. वाईट माणूस नव्हता तो. हसतमुख, घाईतला, सतत फोन कानाला लावलेला. माझ्या बॉनेटला टेकून उभा राहिला.

"साहेब, तो चर बुजवा," ताई म्हणाली. "माझी गाडी त्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही."

"अहो ताई, ठेकेदाराशी बोलणं चाललंय. थोडी कळ काढा."

"तोवर विमानं बंद ठेवणार का?"

"तुम्हीही ना!" साहेब हसले. "विमान धावपट्टी सोडून तिकडे गवतात कशाला जाईल?"

"कधीतरी जातं म्हणूनच ती जागा मोकळी ठेवतात ना, साहेब?"

"वर सांगतो," साहेब म्हणाले, आणि फोन वाजला म्हणून तसेच बोलत निघून गेले. ताईने पुन्हा एकदा विचारले, आणखी एकदा विचारले. दर वेळी "वर सांगतो". वर म्हणजे कुठे, ते आम्हांला कधी कळले नाही.

आणि मग तो दिवस आला. भर दुपार होती. वारा जोराचा होता. पायलटबाईचे विमान परत येत होते. बरोबर कुणी नव्हते, ती एकटीच होती. चाके टेकली तोवर सगळे ठीक दिसत होते. मग तिचा आवाज आमच्या रेडिओवर आला, अगदी शांत, "ब्रेक लागत नाहीयेत." मामा तेव्हाच माझ्यात चढला होता. ताईने दार ओढले आणि आम्ही सुटलो.

विमानाचा वेग कमी होत होता. धावपट्टी संपली तेव्हा ते एखाद्या मोटारीपेक्षा फार वेगात नव्हते. ते गवतात उतरले. "थांबतंय, थांबतंय!" असे मामा ओरडला. खरोखरच ते थांबले असते. पण त्याचे पुढचे चाक चरात गेले. शेपटी वर उडाली, विमान कोलांटी खाऊन पलीकडे पडले आणि तिथल्या उताराने घसरत टोकाच्या कुंपणापाशी गेले. तेलाचा वास आला. नंतर ज्वाळा दिसल्या.

मी चराच्या काठाशी येऊन थांबलो. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढ्या जोरात कधी धावलो नव्हतो, आणि असा कधी थांबलो नव्हतो. ताईने तोफ सुरू केली. वारा समोरून होता. पांढरा फेस हवेत उंच गेला, फाटला आणि उलटा आमच्याच काचेवर येऊन पडला. "पुढे घ्या!" ती ओरडली. "कुठून घेऊ, ताई?" मामाने मला चराच्या एका टोकाकडे नेले, तिथे कुंपण. दुसऱ्या टोकाकडे नेले, तिथेही कुंपण. जवान नळी घेऊन चरात उतरले, पलीकडे चढले, धावले. नळी ताणली गेली आणि विमानाच्या अलीकडेच संपली. मामाने मला तिथेच सोडले आणि रिकाम्या हातांनी धावला. त्याने पेटत्या विमानाचे दार दोन्ही हातांनी ओढले. काचेवर आतून एक तळहात टेकलेला मला दिसत होता. मग धूर आला. धूर निघून गेला तेव्हा तो हात तिथे नव्हता.

मामाला दोन जवानांनी ओढून मागे आणले. त्याचे हात पाहून ताईने आपले तोंड फिरवले. माझ्या टाकीत पाणी तुडुंब होते. फेसही भरपूर होता. ते सगळे माझ्याजवळच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची माणसे आली आणि दुपारच्या आत तो चर बुजवून मोकळी झाली. ताई गवतात उभी राहून पाहत होती.

त्यानंतर कंपनीने सांगायला सुरुवात केली, की बंब जुना होता, तो वाटेतच अडखळला, ड्रायव्हरने त्याची निगा राखली नव्हती. मला गोदामामागे नेऊन उभे केले. मामा दवाखान्यात पडून होता, तिथेच त्याला कामावरून दूर केल्याचे कळले. कंपनीच्या कचेरीतला एक गृहस्थ ताईला भेटायला आला. बोलणे माझ्याशेजारीच झाले.

"ताई, गाडी बंद पडली होती एवढंच म्हणा. जुनी गाडी आहे. कुणाचं काय जातंय?"

"मामाचं जातंय," ताई म्हणाली.

"तुम्हाला अजून बरीच वर्षं नोकरी करायचीय."

"म्हणूनच. रोज बंबात बसायचंय मला." आणि तिने त्याला दार दाखवले. म्हणजे हात करून वाट दाखवली. मी गोदामाबाहेर होतो, तिथे दार कुठले?

पायलटबाईचा नवरा कोर्टात गेला. तिथे काय काय झाले ते मला ताईच्या आणि जवानांच्या बोलण्यातून कळत असे. कंपनीचे वकील तीन गोष्टी सांगत. ब्रेक विमानाचे निकामी झाले, त्यात विमानतळाचा काय दोष? चर ठेकेदाराने उघडा टाकला, त्याला विचारा. आणि आग विझली नाही ती बंब नादुरुस्त होता म्हणून, त्याला ड्रायव्हर जबाबदार. प्रत्येक बोट दुसऱ्याकडे होते. चर उघडा आहे हे आम्हांला कुणी सांगितलेच नव्हते, असेही ते म्हणाले. ताईने साक्षीत सांगितले, की आपण स्वतः मैदानाच्या साहेबांना सांगितले होते. वकील म्हणाले, "कुणासमोर?" तिथे फक्त मी होतो, मित्रांनो. मी सगळे ऐकले होते. पण बंबाला साक्षीला कोण बोलावणार?

तरीही एक दिवस मला बोलावणे आले. न्यायाधीशांनी ठरवले, की जागा स्वतः पाहायची आणि बंब चालतो की नाही तेही पाहायचे. माझ्या चाकांत हवा भरली, टाकी भरली. अपघातानंतर मला कुणी दुरुस्त केले नव्हते. न्यायाधीश आले. वयस्कर, चष्मा लावलेले, थकल्यासारखे दिसणारे गृहस्थ. दोन्ही बाजूंचे वकील होते, मैदानाचे साहेब होते, बेकरीवाला होता. आणि मामा होता. त्याच्या हातांवरची कातडी गुलाबी आणि ताणलेली झाली होती. बोटे पुरती मिटत नव्हती. किल्ली फिरवायला त्याला दोन्ही तळहात लावावे लागले.

"काय पैलवान," तो अगदी हळू म्हणाला.

मी खोकलो, थरथरलो, आणि सुरू झालो. गाडी हाकणे आता मामाच्या हातांना झेपणारे नव्हते, म्हणून दुसरा जवान चाकाशी बसला आणि मामा उतरून बाजूला उभा राहिला. न्यायाधीश ताईच्या जागेवर बसले. मी त्या दिवशीसारखाच धावलो. धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत कुठेही अडखळलो नाही. न्यायाधीश खाली उतरले आणि म्हणाले, "गाडीला काही झालेलं दिसत नाही." माझ्याविषयी एवढेच एक वाक्य. पण मामा जीपमधून मागून आला तेव्हा जवानांनी ते त्याला सांगितले, आणि तो तोंड फिरवून बराच वेळ उभा राहिला.

बुजवलेल्या चरावरचे गवत वेगळे, कोवळे होते. हिरव्या मैदानात ती पट्टी लांबूनही ओळखू येत होती. न्यायाधीश तिच्या कडेने चालले. कंपनीचे वकील सांगत होते, "न्यायाधीश महाराज, पथकप्रमुखांनी तक्रार केल्याचा काहीही पुरावा नाही. अपघातानंतर स्वतःवरचा ठपका टाळण्यासाठी त्यांनी ही गोष्ट रचलीय."

ताई वकिलांकडे वळलीच नाही. ती मैदानाच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मला खोटं ठरवायचं असेल तर ठरवा, साहेब. पण माझ्याकडे बघून ठरवा."

साहेबांनी मान खाली घातली. न्यायाधीश म्हणाले, "मी तुम्हालाच विचारतो. चर उघडा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"महाराज, माझे अशील या प्रश्नाला..." वकील मध्ये पडले. न्यायाधीशांनी हात वर केला.

साहेबांनी बेकरीवाल्याकडे पाहिले. बेकरीवाला त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो उताराखालच्या कुंपणाकडे पाहत होता, जिथली जमीन अजून काळी होती.

"ठाऊक होतं," साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक होता, की न्यायाधीशांनी त्यांना पुन्हा बोलायला लावले. "ठाऊक होतं. ताईंनी मला सांगितलं होतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. याच गाडीशी उभं राहून. मी वर सांगितलं. वरून म्हणाले, ठेकेदाराचं मिटेपर्यंत थांबा, विमानं बंद केली तर बोभाटा होईल. मी थांबलो."

कंपनीच्या वकिलांनी आपला चष्मा काढला आणि ते तो पुसत राहिले. साहेबांची नोकरी त्यानंतर टिकली नाही.

निकाल लागला त्या दिवशी ताई आणि मामा माझ्यापाशी येऊन बसले. ताईने निकालातला भाग मामाला वाचून दाखवला. न्यायाधीशांनी लिहिले होते, की ब्रेक निकामी झाले हे खरे आहे. पण धावपट्टीपुढची जमीन अशा अडचणीत आलेल्या विमानासाठीच राखलेली असते, आणि विमानतळ चालवणाऱ्याने तिथेच खड्डा उघडा ठेवला. ज्याने विमानांना आपल्या जमिनीवर उतरायला बोलावले, ती जमीन निर्धोक ठेवणे त्याचेच काम. खणायचे काम ठेकेदाराला देता येते, जबाबदारी देऊन टाकता येत नाही. कंपनीला आणि ठेकेदाराला आपसात काय भांडायचे ते त्यांनी नंतर भांडावे. पायलटबाईच्या मृत्यूला आणि ड्रायव्हरच्या इजेला कंपनी जबाबदार आहे. बंबाची किंवा त्याच्या ड्रायव्हरची कोणतीही चूक नव्हती.

"पुन्हा वाच," मामा म्हणाला. ताईने शेवटचे वाक्य पुन्हा वाचले.

इतक्यात बेकरीवाला आला. मुलीचा हात त्याच्या हातात होता. ती आता बरीच उंच झाली होती. ताई उठून त्याच्याजवळ गेली. म्हणाली, "जिंकलात तुम्ही."

बेकरीवाला माझ्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "इतके दिवस मी मनाची समजूत घालत होतो, ताई. तिची वेळ आली होती. ब्रेक गेले, वारा होता, कुणाच्या हातात काय असतं? रात्री झोप लागायची त्यावर. आता कोर्टानंच सांगितलं, की ती घरी आली असती. गवतात थांबली असती, दार उघडून खाली उतरली असती, आणि संध्याकाळी घरी येऊन मला ही गोष्ट हसत हसत सांगितली असती. हे घेऊन मी कुठं जाऊ?"

मामा त्याच्या शेजारी बसला. आपला न मिटणारा हात त्याने त्याच्या पाठीवर ठेवला. मुलगीही बापाला टेकून बसली. ताईने निकालाची पाने घडी करून खिशात टाकली. संध्याकाळपर्यंत ते चौघे तिथेच होते.

मित्रांनो, आता लवकरच मला भंगारात काढतील. माझी दया करू नका. लोखंड झिजायचेच. माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातल्या कुणाच्या ताब्यात एखादी इमारत येईल, कुणाच्या ताब्यात एखादा रस्ता, एखादी शाळा, एखादे मैदान. लोक तुमच्यावर भरवसा ठेवून तिथे पाऊल टाकतील. एखाद्या दिवशी तुमच्या हाताखालचे कुणीतरी येऊन सांगेल, की अमुक ठिकाणी धोका आहे. तुम्ही घाईत असाल. फोन वाजत असेल. काम दुसऱ्या कुणाकडे सोपवलेले असेल, आणि तो ऐकत नसेल. तरीही मित्रांनो, तेव्हा "वर सांगतो" म्हणून पुढे जाऊ नका. तडक उठा आणि सांगणाऱ्याबरोबर त्या जागेपर्यंत चालत जा. ती जागा निर्धोक होईपर्यंत तिथून हलू नका.